टेकडीवरचा वाडा आणि तिघांचा हिवाळा: वाचकांच्या पत्रांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरातून आम्ही ‘विच ऑन द होली नाइट’ या जपानी व्हिज्युअल नॉव्हेलची शिफारस केली होती. जपानीत ती ‘माहोत्सुकाई नो योरु’ या नावाने ओळखली जाते. तिच्याविषयी इतकी पत्रे आली की या वेळचे सदर तिलाच देत आहोत. ज्यांच्या हाती तो अंक आला नाही त्यांच्यासाठी कथेची चौकट थोडक्यात अशी: काळ १९८० च्या दशकाच्या अखेरचा, म्हणजे जपानमधील शोवा कालखंडाच्या शेवटच्या वर्षांचा. मिसाकी नावाच्या काल्पनिक शहरात टेकडीवर, झाडीच्या आत, विलायती धाटणीचा एक जुना वाडा आहे आणि त्यात दोन चेटकिणी राहतात अशी गावात वदंता आहे. वदंता खरी आहे. शाळेच्या विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष असलेली आओको आओझाकी आणि मुलींच्या दुसऱ्या एका शाळेत शिकणारी अबोल ॲलिस कुओन्जी अशा दोघी तिथे राहतात. डोंगरातून नुकताच शहरात आलेला सोजुरो शिझुकी आओकोच्या शाळेत दाखल होतो आणि एका रात्री या दोघींची जादूची लढाई त्याच्या नजरेस पडते. साक्षीदार जिवंत ठेवायचा नाही हा जादूगारांचा नियम असल्यामुळे प्रसंग त्याच्या जिवावर बेततो. पण बऱ्याच घडामोडींनंतर तो मारला न जाता त्याच वाड्यात राहायला येतो. पुढच्या उत्तरांत कथेचा शेवट कुठेही फोडलेला नाही.

माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुटीत ती रात्री उशिरापर्यंत संगणकासमोर बसते आणि विचारले की “बाबा, मी वाचतेय” असे सांगते. पडद्यावर चित्रे असतात, संगीत चालू असते आणि ती मधूनमधून एक कळ दाबते. हा खेळ म्हणायचा की पुस्तक? आणि याला इतका वेळ द्यावा असे त्यात काय आहे?
— एक वाचक, सातारा

आपली मुलगी वाचते असे सांगते, ते अक्षरशः खरे आहे. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये कादंबरीचा मजकूर पडद्यावर थोडा थोडा उमटतो, त्यामागे प्रसंगाचे चित्र असते, सोबत संगीत आणि आवाज असतात आणि वाचक कळ दाबून पुढे जातो. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी चुनसॉफ्ट या कंपनीने घरगुती गेम यंत्रांसाठी अशा ध्वनियुक्त कादंबऱ्या काढल्या आणि त्यानंतर हा प्रकार तिथे चांगलाच रुजला. दुकानात तो खेळांच्या फळीवर मिळतो, म्हणून त्याला खेळ म्हणतात, इतकेच.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आपण पाहिली असेल तर हा प्रकार समजायला वेळ लागणार नाही. तिथला कथेकरी पोथीतले एकेक चित्र समोर धरतो, गातो आणि सांगतो. चित्र स्वतः हलत नाही; सांगणाऱ्याच्या आवाजाने आणि वाद्यांच्या साथीने ते प्रेक्षकाच्या मनात चालू लागते. चित्र किती वेळ समोर ठेवायचे आणि कुठल्या शब्दाला बदलायचे, यात तिथल्या कलावंताचे कसब असते. ‘विच ऑन द होली नाइट’चे मोठेपणही मला नेमके याच जागी दिसते. या प्रकारातल्या बहुतेक कृतींत मागे एक ठरीव पार्श्वभूमी, पुढे पात्राची उभी आकृती आणि खाली संवादाची पट्टी अशी मांडणी असते. येथे ती मोडली आहे. हिरोकाझू कोयामा यांची चित्रे प्रसंगागणिक वेगळ्या कोनातून, वेगळ्या अंतरावरून समोर येतात. कधी पायऱ्यांच्या तळातून वर पाहणारी दृष्टी असते, कधी खिडकीबाहेरून आत डोकावणारी, आणि मजकूर सगळ्या पडद्यावर पसरलेला असल्यामुळे शब्द आणि चित्र एकाच पानावर नांदतात. हिदेयुकी फुकासावा आणि जेम्स हॅरिस यांच्या संगीताची जागाही तितकीच मोजून ठरवलेली आहे; कित्येक ठिकाणी संगीत थांबते आणि फक्त पावलांचा आवाज राहतो.

वेळ देण्याजोगे त्यात काय आहे, याचे एक उत्तर तिच्या घडणीतही आहे. लेखक किनोको नासू यांनी ही कथा १९९६ मध्ये तरुण वयात साधी गद्य कादंबरी म्हणून लिहिली होती आणि ती अप्रकाशित राहिली. पुढे त्यांच्या टाइप-मून या संस्थेला मोठे नाव मिळाले, आणि मग ही जुनी कथा नव्याने लिहून १२ एप्रिल २०१२ रोजी संगणकावर आणली गेली. विशीतल्या लेखकाची ऊर्मी आणि पुढे कमावलेले हात असे दोन्ही तिच्यात एकत्र दिसतात. मुलीशेजारी एखादे प्रकरण बसून पाहावे, अशी माझी आपल्याला मनापासून विनंती आहे.

मी तीन प्रकरणे वाचली. जाहिरातीत जादू आणि लढाया होत्या. माझ्यासमोर मात्र शाळा, चहा, खरेदी आणि घरात कोणी काय करायचे यावरची बोलणी आली. इतके संथ का? हा भाग सोडून पुढे गेले तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

कृपया सोडू नका. या कृतीत जे सांगायचे आहे ते सगळ्यात जास्त याच भागात सांगितले आहे, असे माझे मत आहे आणि ते जरा सविस्तर मांडतो.

वाड्यात राहणारी तीन माणसे आपापल्या घरातून तुटलेली आहेत. आओकोच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एक जादू सांभाळली जाते. तिचा वारसा थोरल्या बहिणीकडे, तोकोकडे जाणार होता आणि तोको लहानपणापासून त्यासाठीच घडवली गेली होती. आजोबांनी ऐनवेळी तो धाकट्या आओकोच्या पदरात टाकला. तोवर आओको चारचौघींसारखे जगत होती. त्या एका निर्णयाने तिचे आधीचे आयुष्यही संपले आणि बहीणही दुरावली. ॲलिस ज्या वाड्याची मालकीण आहे तिथे तिचे आईवडील नाहीत. आईकडून आलेली जादू आहे आणि चहाची भांडी आहेत. सोजुरो ज्या डोंगरात वाढला तिथे वीजदेखील नव्हती आणि तिथे परत जाण्याची वाट त्याला उरलेली नाही. अशा तिघांना एका छपराखाली आणणारे कारणही विलक्षण आहे. त्याच्या आठवणी पुसण्याचा उपाय हाती येईपर्यंत त्याला नजरेआड होऊ द्यायचे नाही, म्हणून आओको त्याला वाड्यात ठेवून घेते. म्हणजे ही सोबत मुळात पहारा म्हणून सुरू होते.

आता हे ध्यानात ठेवून ती “संथ” प्रकरणे पुन्हा पाहा. दिवाणखान्यात कोण कुठे बसते, याकडे लक्ष द्या. ॲलिस पुस्तक घेऊन बसते आणि आलेल्या माणसाकडे मान वर करून पाहतही नाही. तिचे बोलणे एका-दोन शब्दांत आटोपते. ते एक-दोन शब्द पुढे किती वेगवेगळ्या अर्थांनी उच्चारले जातात, हे मात्र सावकाश वाचणाऱ्यालाच कळते. सुरुवातीला तिच्या गप्प राहण्यात उघड वैर असते. मग नाराजी येते, मग नुसती सवय उरते, आणि एका टप्प्यावर आपल्या लक्षात येते की ती आता त्याच्यासमोर गप्प बसू शकते, कारण गप्प बसणे आता सुरक्षित झाले आहे. हा बदल लेखकाने कुठल्याही वाक्यात जाहीर केलेला नाही. तो बसण्याच्या जागांतून, चहा ओतला जाण्या-न-जाण्यातून आणि “पुन्हा उशीर झाला” अशा साध्या तक्रारीतून उलगडत जातो.

सोजुरोचेही तसेच. तो शाळा सुटल्यावर पोटापाण्यासाठी काम करतो, थकून परततो आणि घरातले नियम शिकत राहतो. ज्या माणसाला मारायचे ठरले होते त्यालाच घरातली कामे वाटून द्यावी लागतात, त्याच्या येण्याजाण्याची वेळ ध्यानात ठेवावी लागते, आणि ज्याची वाट पाहावी लागते त्याला मारणे दिवसेंदिवस अवघड होत जाते. लढायांच्या वेळी जो ताण निर्माण होतो तो जादूच्या ताकदीतून येत नाही. हे घर मोडेल की काय, या धास्तीतून तो येतो आणि त्यासाठी आधी घर उभे राहावे लागते. म्हणून लेखकाने इतकी पाने त्यावर खर्च केली आहेत, आणि मला त्यातले एकही पान वाया गेले असे वाटत नाही. याउलट काही लढायांतील स्पष्टीकरणे लांबली आहेत, हे मी मान्य करतो; ऐन हातघाईच्या वेळी शस्त्राचा इतिहास सांगत बसण्याची नासू यांची सवय येथेही सुटलेली नाही. वगळायचेच असेल तर तिथले काही परिच्छेद भराभर वाचावेत, चहाचे मात्र सावकाश वाचावेत.

मी कोल्हापुरात भौतिकशास्त्र शिकवतो. या कथेत साधी मंत्रविद्या आणि खरी जादू असा काटेकोर भेद केलेला आहे. वाचताना तो नुसता पारिभाषिक कीस वाटला. त्याला काही अर्थ आहे का?

आहे, आणि आपल्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. कथेतली व्याख्या अशी: जे काम पैसा, वेळ आणि यंत्रे वापरून माणसाला दुसऱ्या मार्गाने करता येते ते मंत्राने केले तर ती मंत्रविद्या. बोटातून ज्वाळा काढली काय आणि काडी ओढली काय, शेवटी आग पेटते. जे काम माणसाच्या कुठल्याही प्रयत्नाने साधणार नाही तेवढीच खरी जादू, आणि नासू यांच्या कथाविश्वात अशा जादू आता फक्त ५ उरल्या आहेत. आओझाकी घराणे सांभाळते ती पाचवी. पूर्वी ज्याला जादू म्हणत त्यातले बरेच काही विज्ञान पुढे सरकले तसे मंत्रविद्येच्या पातळीवर उतरले. त्यातच दुसरा नियम असा की गूढ जितके जास्त लोकांना कळेल तितके ते दुबळे होते. साक्षीदाराला मारण्याचा नियम यातून आला आहे. त्यामागे क्रौर्यापेक्षा हिशेब आहे, आणि म्हणूनच तो अधिक भयंकर वाटतो.

आता कथेचा काळ पाहा. जपानमध्ये तेव्हा आर्थिक भरभराटीचा फुगा फुगत होता, गावांची शहरे होत होती आणि रस्त्यांवरचे दिवे वाढत होते. जादूला अंधार लागतो आणि अंधार रोज थोडा थोडा कमी होतो आहे. आओको आणि ॲलिस अशा वेळी आपली विद्या सांभाळत आहेत की जेव्हा जग त्यांच्या विद्येवाचून सुखाने चालले आहे. सतरा वर्षांच्या मुलीने अशा मरणपंथाला लागलेल्या विद्येसाठी माणूस मारावा का, हा प्रश्न आओकोपुढे उभा आहे, आणि ती तो तावातावाने, चुकतमाकत, स्वतःवर चिडत सोडवते. तिचा हा स्वभाव मला फार आवडतो. तिने विद्या उशिरा हाती घेतली आहे, तिच्याकडे नजाकत नाही. समोरचे फोडून काढण्याइतका सरळ मारा तेवढा तिला जमतो.

या सगळ्यात सोजुरोची जागा कुठे, हे आपण पाहिले तर भेदाचा अर्थ स्पष्ट होतो. विजेविना वाढलेल्या या मुलाला शहरातली रोजची साधनेही नवीन आहेत. बटण दाबले की उजेड पडतो आणि हात उगारला की उजेड पडतो, या दोन गोष्टींकडे तो सारख्याच आश्चर्याने आणि सारख्याच आदराने पाहतो. ज्या भेदासाठी शतकानुशतके गुप्तता पाळली गेली आणि रक्त सांडले तो भेद त्याच्या लेखी नाही. त्याला एकच गोष्ट पक्की ठाऊक आहे: माणसाने माणसाला मारू नये. ती तो कुठल्याही आविर्भावाविना सांगतो आणि त्यापुढे त्या दोघींची सगळी परिभाषा लंगडी पडते. त्याला हे इतक्या ठामपणे का ठाऊक आहे, याचे उत्तर कथेच्या उत्तरार्धात आहे.

ॲलिसच्या विद्येविषयी दोन वाक्ये. तिच्या ताब्यातली जादूची खेळणी इंग्रजी बालगीतांच्या आणि परीकथांच्या जातीची आहेत: लंडनच्या नदीवरच्या पुलाची आठवण देणारा एक राक्षस आहे, गाण्यातल्या रॉबिन पक्ष्यावरून बेतलेला एक बडबड्या पक्षी आहे, आणि ‘फ्लॅट स्नार्क’ नावाचे एक भयंकर खेळणे आहे, ज्याचा खोटा चंद्र बंद पडलेल्या मनोरंजन उद्यानावर उगवतो आणि तिथले गंजलेले पाळणे व घोडे जिवंत होतात. पूर्वार्धातला तो प्रसंग आपण पुन्हा एकदा पाहावा. बालपणीचे सुरक्षित जग तिथे कसे उलटे होते, हे चित्र, ध्वनी आणि शब्द यांच्या मेळातून ज्या ताकदीने दाखवले आहे, तसे नुसत्या गद्याला जमले नसते.

आमच्याकडे थंडी म्हणजे हुरडा, शेकोटी, शेतावर मुक्काम. घराबाहेर पडण्याचे दिवस. या कथेत हिवाळा सारखा जाणवतो, पण तो नुसता बर्फ पडताना सुंदर दिसावा म्हणून घेतला आहे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आपला प्रश्न मोलाचा आहे, कारण ऋतू बदलला असता तर ही कथा उभीच राहिली नसती, असे मला वाटते.

पहिली गोष्ट उजेडाची. टोकियोच्या आसपास डिसेंबरच्या मध्यावर सूर्य दुपारी साडेचारच्या सुमारास मावळतो. शाळा सुटून, परिषदेचे काम किंवा दुकानातली पाळी आटोपून मुले बाहेर पडतात तेव्हा अंधार दाटलेला असतो. जादूगारांचे आयुष्य रात्रीचे आणि विद्यार्थ्यांचे दिवसाचे. उन्हाळ्यात या दोहोंमध्ये लांबलचक संध्याकाळ आली असती. हिवाळ्यात ती जवळजवळ नाहीच. शाळेच्या फाटकातून निघालेली आओको टेकडी चढेपर्यंत चेटकीण झालेली असते. कथेच्या नावातच रात्र आहे, आणि ती पुरेशी लांब हवी होती.

दुसरी गोष्ट उबेची. जपानमध्ये होक्काइडोसारखा उत्तरेकडचा भाग सोडला तर सगळे घर एकसारखे तापवण्याची पद्धत फारशी नाही. एखादी खोली तापवतात आणि माणसे तिथे गोळा होतात. बाजूची ओसरी, जिना, न्हाणीघर गारठलेले असते. त्यामुळे हिवाळ्यात जपानी घरात एकमेकांना टाळून राहणे कठीण होते. ज्याच्याशी बोलायचे नाही त्याच्याही शेजारी बसावे लागते. ही कथा अशा वाचकांसाठी लिहिलेली आहे ज्यांना हे शरीराने ठाऊक आहे, आणि म्हणून दिवाणखान्यात तिघे एकत्र आले की त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. आपल्याकडची थंडी माणसांना अंगणात आणि शेतात जमवते, तिथली दाराच्या आत. जमणे मात्र दोन्हीकडे थंडीमुळेच होते.

तिसरी गोष्ट चित्रांत पाहण्याजोगी आहे. कोयामा यांच्या रंगयोजनेत बाहेरची रात्र निळी-जांभळी असते आणि वाड्याच्या आतला उजेड पिवळसर. बहुतेक प्रसंगांत एक रंग चौकटीवर राज्य करतो. पण जेव्हा कोणी दारात उभा असतो, म्हणजे आत घ्यायचे की नाही हे ठरलेले नसते, तेव्हा दोन्ही रंग एकाच आकृतीवर पडतात. अर्धा चेहरा घराचा आणि अर्धा रात्रीचा. एकदा हे डोळ्यांना सापडले की पुढच्या प्रकरणांत चित्रकार आपल्याला पात्रांच्या मनातले मजकुराच्या आधी सांगत असल्याचे लक्षात येते. तोंडातून निघणारी वाफ, हातमोजे नसलेले हात, बर्फात उमटलेली पावले, हेही तसेच पाहावे. बर्फ येथे सुंदर दिसतो यात शंका नाही, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यावर माग उमटतो आणि कोण कुठे गेले हे लपत नाही. गुप्ततेवर जगणाऱ्या माणसांना हा ऋतू सोपा नाही.

व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये वाचकाला निवड करता येते आणि त्याप्रमाणे कथा बदलते असे ऐकले होते. येथे तसे काहीच नाही. मग पुस्तकच का वाचू नये?
— एक वाचक, नाशिक

मुख्य कथेत निवड नाही, हे खरे. सोबत दिलेल्या एका स्वतंत्र, हलक्याफुलक्या रहस्यप्रकरणात ती आहे आणि तिची हौस तिथे भागते. मुख्य कथेत सगळा भार आओकोच्या एका निर्णयावर आहे. सोजुरोला मारायचे की नाही, हे वाचकाने कळ दाबून ठरवले असते तर तो निर्णय तिचा राहिला नसता. तिचे नियम, तिचा अभिमान आणि तिची चीड यांतून जे निघायचे ते निघू देणे, हाच मार्ग योग्य होता. आणि पुस्तकच का नाही, याचे उत्तर वर चित्रांच्या आणि आवाजांच्या संदर्भात आले आहे.

माझा मुलगा सातवीत आहे. नावावरून नाताळची गोष्ट वाटते. त्याला द्यावी का?
— एक वाचक भगिनी, ठाणे

आताच नको. २०१२ ची मूळ आवृत्ती सर्व वयोगटांसाठी म्हणून निघाली होती आणि तिच्यात अश्लील असे काही नाही. पण मारामारीत रक्त आहे, काही प्रसंग चांगलेच भीतिदायक आहेत आणि मृत्यूविषयीचे बोलणे गंभीर आहे. शिवाय लांब इंग्रजी वाक्ये नेटाने वाचण्याची सवय लागते. पंधरा-सोळाव्या वर्षी, म्हणजे पात्रांच्याच वयाच्या आसपास, त्याला ती अधिक भिडेल. आपण स्वतः मात्र आधी वाचावी.

ती कुठल्या यंत्रावर, कुठल्या भाषेत मिळते? आवाज असलेली आवृत्ती घ्यावी की मूळची? आणि पुढचा भाग आहे का?
— एक वाचक, पणजी

मूळ आवृत्ती फक्त जपानीत, विंडोज संगणकासाठी आणि पात्रांच्या आवाजाविना होती. ८ डिसेंबर २०२२ रोजी निन्टेन्डो स्विच आणि प्लेस्टेशन ४ वर निघालेल्या नव्या आवृत्तीत चित्रे अधिक स्पष्ट झाली, पूर्ण संवाद ध्वनिमुद्रित झाले आणि इंग्रजी मजकुराची सोय आली. डिसेंबर २०२३ मध्ये हीच आवृत्ती स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात संगणकासाठीही आली. संवाद जपानीतच ऐकू येतात, मजकूर इंग्रजीत वाचता येतो. आपल्याकडच्या वाचकाने हीच घ्यावी.

आवाजांविषयी मतभेद आहेत. मूळ आवृत्तीचे चाहते म्हणतात की शब्द आणि चित्र यांची लय वाचकाच्या हातात होती, आता ती नटांच्या हातात गेली. या म्हणण्यात तथ्य आहे, विशेषतः लढायांच्या बाबतीत. पण घरातल्या प्रसंगांत मला आवाज हवेच वाटतात. ॲलिसच्या भूमिकेत काना हानाझावा एखादा हुंकार जितक्या कमी श्वासात देतात, तितके काम छापील टिंबांनी होत नाही. आणि आओकोच्या भूमिकेत हारुका तोमात्सू यांचा चढा स्वर वाक्याच्या शेवटी जरासा ओसरतो, तेव्हा तिच्या रागाखालची काळजी ऐकू येते. शक्य असेल तर हेडफोन लावून वाचावे आणि मजकूर आपोआप पुढे सरकण्याची सोय बंद ठेवावी, म्हणजे चित्रावर हवे तितके थांबता येते.

कथा तीन भागांची योजलेली असून आपल्यासमोर आहे तो पहिला भाग. तरीही हा हिवाळा त्यात पूर्ण होतो, अर्धवट सोडल्यासारखे वाटत नाही. यूफोटेबल या जपानी ॲनिमेशन स्टुडिओने तिच्यावर चित्रपट काढण्याची घोषणा डिसेंबर २०२१ मध्ये केलेली आहे. तो पाहण्यापूर्वी मूळ कृती वाचून घ्यावी, कारण चित्रपटाच्या लांबीत लढाया नक्की बसतील. चहाच्या वेळची पाने किती बसतील, याची मला काळजी वाटते.